आयडलला वाइडबँड लीन दाखवतो, ईसीयू म्हणतो सगळं ठीक. विश्वास कोणावर ठेवायचा?

तेलकट_हात

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतोय.

गाडी १.६ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. ४-२-१ हेडर (सिलिंडरांचे एक्झॉस्ट पाइप एकत्र आणणारा जोड), मोकळा इनटेक आणि त्यावर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, रिमॅप एवढंच काम केलंय. कॅम कंपनीचेच आहेत. एएफआरवर, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणावर (१४.७ च्या वर लीन, पेट्रोल कमी; खाली रिच, पेट्रोल जास्त), नजर राहावी म्हणून ते आकड्यात दाखवणारा वाइडबँड गेज बसवून घेतला, सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९. कंपनीचा नॅरोबँड (ईसीयूला फक्त रिच की लीन सांगणारा ऑक्सिजन सेन्सर) हेडरच्या कलेक्टरमध्ये, म्हणजे पाइप एकत्र येतात तिथे आहे. वाइडबँडचा बंग (सेन्सर बसवायचं आट्यांचं भोक) त्याच्या पुढे, मधल्या पाइपवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅटच्या) अलीकडे.

फुल थ्रॉटलला १२.७ च्या आसपास. एकसारख्या वेगात १४.६ ते १४.८. इथवर आनंदीआनंद. पण गाडी उभी राहून आयडलवर आली की १५.७ ते १६, आणि आकडा नाचत राहतो. ओबीडीवर (गाडीच्या निदान पोर्टवर) बघावं तर शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलात करतो ती टक्केवारीची दुरुस्ती, शून्याच्या आगेमागे, लाँग टर्म अधिक ३. चेक लाइट नाही, इंजिन हलत नाही.

दोन प्रश्न आहेत. पहिला, यातलं खोटं कोण बोलतंय? दुसरा, गेज बसवणारा म्हणतो की जुना नॅरोबँड काढून टाकू आणि वाइडबँड कंट्रोलरमधून नॅरोबँडसारखा सिग्नल ईसीयूला देऊ. वाइडबँड जास्त अचूक, म्हणजे गाडी अजून छान चालेल. करू का?

रिकामटेकडा

जागा पकडून ठेवतो. हा धागा लांबणार.

पिस्टनकुमार

आयडलला १६ म्हणजे सरळ लीन आहे. ट्यूनरकडे परत जा आणि आयडलच्या भागात पेट्रोल वाढवून घ्या. दुसरा प्रश्न: हो, करा. नॅरोबँड हे जुनं तंत्र आहे.

नटबोल्ट

@पिस्टनकुमार, थांबा हो, इतक्यात कुठे निघालात? आयडलला ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये असतो, म्हणजे सेन्सर बघून पेट्रोल स्वतःच सुधारत असतो. मॅपमध्ये पेट्रोल वाढवलं तर नॅरोबँड ते पाहणार आणि ट्रिम तेवढंच पेट्रोल परत कमी करणार. गेजवर तोच आकडा राहील आणि ट्यूनरचे पैसे मात्र जातील.

तेलकट, एक साधी गोष्ट करून बघा. गाडी न्यूट्रलला, इंजिन पूर्ण गरम, आणि २५०० आरपीएमवर रेस धरून ठेवा. आकडा कुठे जातो ते सांगा.

कार्ब्युरेटरकाका

आमच्या वेळी असले गेज नव्हते आणि गाड्याही चालत होत्या. प्लग काढायचा, इन्सुलेटर बघायचा. पांढराफट म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे झोपा निवांत. डॅशबोर्डवर निळे आकडे नाचवून इंजिन सुधारत नाही.

रेडलाइन_रेवा

काका, मान्य, पण प्लग तुम्हाला शेवटी जिथे इंजिन बंद केलं तिथली गोष्ट सांगतो. फुल थ्रॉटलची खबर हवी असेल तर फुल थ्रॉटललाच इग्निशन बंद करून गाडी गडगडत थांबवावी लागते. शिवाय शिसं नसलेल्या पेट्रोलवर रंग इतका फिका येतो की भिंग घेऊन बसावं लागतं. ५००० ला १२.५ होतं आणि ६२०० ला १३.८ झालं, हे कुठला प्लग सांगणार?

कार्ब्युरेटरकाका

सांगणार नाही. पण चारपैकी तिसरा सिलिंडर एकटा लीन चाललाय हे तुमचा गेज तरी सांगतो का?

लॅम्डा_एक

काकांनी इथे बरोबर नस पकडली. हिशेब करून बघा. तीन सिलिंडर ११.८ वर आहेत आणि एकाचा इंजेक्टर अर्धवट चोंदल्यामुळे तो १३.८ वर. सगळ्यांचा धूर कलेक्टरमध्ये एकत्र आल्यावर गेज साधारण १२.२ दाखवेल. १२.२ बघून टर्बोवाला खूश, आणि तो चौथा पिस्टन तिकडे भाजतोय. म्हणून नवीन ट्यूनिंगनंतर गेज बघाच, पण चारही प्लग काढून एकमेकांशेजारी ठेवून बघा. तीन एका रंगाचे आणि एक वेगळा दिसला, तर आधी तो इंजेक्टर तपासायचा.

आता मूळ प्रश्नाकडे. थोडं लांबेल, पण एकदा समजलं की निम्मे प्रश्न सुटतात.

गेजवर एएफआर लिहिलेलं असलं तरी सेन्सर ना हवा मोजतो ना पेट्रोल. तो पाइपमधून जाणाऱ्या वायूतला ऑक्सिजन बघतो. नॅरोबँड फक्त कौल देतो: ०.४५ व्होल्टच्या वर, म्हणजे ०.८-०.९ कडे असेल तर रिच, खाली ०.१ कडे असेल तर लीन. किती रिच, किती लीन, ते विचारायचं नाही. १४.७ च्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज असं कड्यावरून पडल्यासारखं बदलतं, आणि ईसीयू ती कडा पकडून पेट्रोल सतत थोडं कमी, थोडं जास्त करत राहतो. क्लोज्ड लूपसाठी तेवढं पुरतं.

वाइडबँडमध्ये त्याच जातीच्या सेलला एक पंप सेल जोडलेला असतो. मधल्या बारीक पोकळीत थोडा वायू शिरतो. कंट्रोलर त्या पोकळीतून ऑक्सिजन बाहेर काढतो किंवा आत ढकलतो, असा की आतला सेल कायम ०.४५ व्होल्टवर राहावा. त्यासाठी लागणारा करंट म्हणजे आपलं उत्तर. लॅम्डा (एएफआर भागिले पेट्रोल नेमकं पूर्ण जळण्याचं प्रमाण) १ ला करंट शून्य, लीनला एका दिशेने, रिचला उलट दिशेने. हे सगळं चालायला ४.९ चा हीटर आतलं तापमान ७८० अंशांच्या आसपास राखतो.

आता ज्या ऑक्सिजनने पेट्रोल जाळलंच नाही तोही सेन्सरला दिसतो. तो इंजिनमधून आला की पाइपच्या फटीतून, हे त्याला कळत नाही. तेलकट, नटबोल्टनी सांगितलेली चाचणी करा. मला संशय आहे, पण आधी तुमचा आकडा येऊ दे.

पिस्टनकुमार

फटीतून धूर बाहेर जाईल ना? आत हवा कशी येईल? पाइपमध्ये तर दाब असतो.

लॅम्डा_एक

सरासरी दाब असतो, पण धूर ठोक्याठोक्याने येतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट येते आणि तिच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. आयडलला प्रवाह इतका कमी असतो की त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. रेस दिली की प्रवाह वाढतो, पाइपमधला दाब जवळजवळ सगळा वेळ वरच राहतो आणि फट फक्त बाहेर फुसफुसते. म्हणून गळती असलेली गाडी आयडलला लीन आणि लोडवर बरोबर दिसते.

आणि लागते किती हवा? १.६ चं इंजिन आयडलला सेकंदाला साधारण अडीच ग्रॅम हवा घेत असेल. त्यात बाहेरून ०.२ ग्रॅम मिसळली की इंजिन बरोबर १४.७ वर चालत असूनही गेजवर १५.९ येतं. ओळखीचा आकडा वाटतोय का?

धुराडं

गळतीच कशाला हवी? मिसफायर असला तरी गेज लीनच दाखवतो. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो. पेट्रोलही येतं, पण सेन्सर आधी ऑक्सिजन बघतो. लोक गेजवर १६ बघून पेट्रोल वाढवत नेतात, आणि प्लग ओला होऊन आणखी मिसफायर. मोठ्या ओव्हरलॅपचे (दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारे) कॅम लावलेल्या गाड्यांत आयडलला हे हमखास होतं. तिथे गेजचा आकडा सोडून द्यायचा आणि इंजिन जिथे शांत चालतं तिथे मिक्श्चर ठेवायचं.

तेलकट_हात

@धुराडं, कॅम कंपनीचेच आहेत आणि मिसफायर काउंटर ओबीडीवर शून्य आहे. २५०० ची चाचणी उद्या करतो.

घाटवळण

इथे इथेनॉलचा विचार कोणीच करत नाहीये का? २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचं स्टॉइक (नेमकं पूर्ण जळण्याचं प्रमाण) १४.७ नसतं, १३.५ च्या आसपास असतं. फरक तिथेच असेल.

लॅम्डा_एक

फरक आहे, पण गेजवर दिसत नाही. गेज आधी लॅम्डा काढतो आणि मग आपल्या पोटातल्या १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. टाकीत शुद्ध पेट्रोल असो, २० टक्के मिश्रण असो की ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल), लॅम्डा १ असेल तर पेट्रोलच्या स्केलवरचा गेज १४.७ च दाखवणार. ई८५ ला खरं प्रमाण ९.८ च्या जवळ असताना सुद्धा.

म्हणून माझं जुनं पालुपद: गेज लॅम्डावर ठेवा. साधं इंजिन फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.९०, टर्बो ०.७८ ते ०.८२. पेट्रोल बदललं तरी स्केलचा घोळ नाही.

टर्बोतात्या

लॅम्डावाले आले! ११.५ म्हटलं की छातीत धस्स होतं की आराम वाटतो ते लगेच कळतं. ०.७८ म्हटलं की मला कॅल्क्युलेटर लागतो. सवयीचा प्रश्न आहे, राहू द्या आमचे आकडे.

रेडलाइन_रेवा

तात्या, ई८५ भरून "११.५ ला ट्यून केलंय" म्हणणारे दोन ट्यूनर वेगवेगळ्या स्केलवर बोलत असले की काय होतं तेही सांगा ना. पेट्रोलच्या स्केलवर ते लॅम्डा ०.७८, आणि खऱ्या ई८५ च्या स्केलवर तेच ११.५ म्हणजे लॅम्डा १.१७. एक गाडी मजेत, दुसरीचं इंजिन उघडलेलं.

टर्बोतात्या

हं. हा मुद्दा खिशात टाकतो. गेज बदलणार नाही, पण विचारताना स्केल विचारेन.

पिस्टनकुमार

अवांतर: उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की माझा गेज नुसत्या रेघा दाखवतो. सेन्सर गेला का?

नटबोल्ट

नाही. पाय काढल्यावर ईसीयू इंजेक्टर बंद करतो, पाइपमधून निव्वळ हवा जाते आणि गेज लीनच्या टोकाला जाऊन बसतो. उलट तेव्हा रेघा आल्या नाहीत तरच काळजी करा, इंजेक्टर गळत असू शकतो.

वंगण

मीही एक विचारून घेतो. माझ्या गाडीत वाइडबँड सेन्सर टिकतच नाही. बसवतो, काही महिने बरा चालतो, मग आकडे सुस्त होतात आणि एक दिवस एरर. सेन्सर अस्सल आहे, वायरिंग बघून झालं.

धुराडं

सेन्सर कोणत्या कोनात आहे? पाइपच्या खालच्या बाजूने बसवला असेल तर थंड इंजिन चालू केल्यावर पाइपमध्ये साचलेलं पाणी त्याच्यावर येतं, आणि तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब म्हणजे तडा. सेन्सरचं टोक पाइपमध्ये खाली झुकलेलं हवं, आडव्या रेषेपासून निदान १० अंश. घड्याळाच्या भाषेत १० ते २ च्या दरम्यान.

शिवाय हे बघा. इंजिन चालू होण्याआधी हीटर पूर्ण तापत असेल तर तोच त्रास. गेज काढून ठेवला पण सेन्सर पाइपमध्येच राहिला, असं झालंय का? हीटर बंद असलेला सेन्सर धुरात काजळी धरून मरतो. कुठे गॅस्केटऐवजी साधं सिलिकॉन सीलंट वापरलंय का? त्याची वाफ सेन्सरवर काचेसारखा थर बसवते. कूलंट किंवा ऑइल जळत असेल तर तेही. आणि रेसिंगचं शिसं असलेलं पेट्रोल वापरत असाल तर प्रश्नच मिटला.

वंगण

बंग बरोबर खालून आहे. बसवणाऱ्याला तिथे हात पुरत होता म्हणे. नवीन बंग वेल्ड करून घेतो. जुन्याला बूच लावू?

धुराडं

हो, एम१८ चं बूच मिळतं. सैल ठेवलंत तर वरची गळतीची कथा तुमच्याकडेही सुरू होईल.

टर्बोतात्या

आणि टर्बो असेल तर सेन्सर टर्बोच्या पुढे, डाउनपाइपमध्ये, ६० ते ९० सेंटिमीटर अंतरावर लावा. टर्बोच्या आधी लावला तर उष्णता आणि दाब दोन्ही डोक्यावर बसतात. दाब वाढला की पंप करंट वाढतो आणि आकडा असतो त्यापेक्षा टोकाचा दिसतो, रिच असेल तर आणखी रिच. ११.० बघून पेट्रोल कमी करायला जाल आणि खरं ११.८ असेल.

कार्ब्युरेटरकाका

डिझेलवाल्यांनी काय करायचं?

घाटवळण

आमच्याकडे आयडलला एएफआर इतकं वर असतं की पेट्रोलवाल्यांना बघवणार नाही. डिझेलमध्ये रिच झालं की मागून काळा धूरच सांगतो. मला एक्झॉस्ट टेंपरेचर गेज जास्त कामाचा वाटतो, पिस्टन तापमानाने वितळतो.

नटबोल्ट

तेलकट, डेटा लॉगरला गेजचा ०-५ व्होल्टचा आउटपुट दिलाय का? तिथे ग्राउंडमध्ये फरक असला तर आकडे सरकतात. ० व्होल्टला १० आणि ५ ला २० असं स्केल असेल तर ०.१ व्होल्टच्या फरकाने एएफआर ०.२ ने खोटं दिसतं. कंट्रोलर आणि लॉगर एकाच जागी ग्राउंड करायचे.

तेलकट_हात

लॉगर नाही, नुसता गेज बघतोय. आणि तसं असतं तर फरक सगळीकडे सारखाच दिसला असता ना? माझा फक्त आयडलला आहे.

चाचणी झाली. आयडलला १५.८. रेस हळूहळू वाढवत नेली, १८०० ला १५.१, २५०० ला १४.७ वर येऊन दगडासारखा स्थिर. पाय काढला की परत १५.८.

लॅम्डा_एक

गळती. कलेक्टर आणि वाइडबँड यांच्या मधे. ट्रिम शून्याला आहे, म्हणजे नॅरोबँडपर्यंत जाणारा धूर बरोबर आहे. हवा त्याच्या पुढे घुसतेय.

शोधायची पद्धत: इंजिन थंड आणि बंद. व्हॅक्युम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावा, कडेने फडकं गुंडाळा. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावत चला. बुडबुडे दिसले की सापडली. धूर सोडायचं मशीन असेल तर उत्तमच, पण त्याशिवाय अडत नाही.

रिकामटेकडा

घरातला व्हॅक्युम क्लीनर सायलेन्सरला लावणार म्हणजे दुसरी चाचणी घरच्यांसमोर द्यावी लागणार.

तेलकट_हात

ती आधी दिली. नापास.

सापडलं पण. कलेक्टरच्या पुढच्या फ्लँजवर, वरच्या बाजूने, जिथे खालून डोकावून कधी दिसलंच नसतं. गॅस्केटच्या कडेला केसाएवढी काजळीची काळी रेघ, आणि साबण लावल्यावर बरोबर त्याच रेघेतून बारीक फेस. दोन बोल्टपैकी एक हाताने फिरला. हेडर बसवणाऱ्याने वरचा बोल्ट घट्ट केलाच नव्हता.

नवीन गॅस्केट, दोन्ही बोल्ट आळीपाळीने घट्ट. आता आयडलला १४.६ ते १४.८, लाँग टर्म ट्रिम तिथेच, अधिक ३.

पिस्टनकुमार

म्हणजे गेज खोटा होता.

नटबोल्ट

कुठे? त्याच्यासमोरून जो वायू गेला त्याचा आकडा त्याने बरोबर दिला. नॅरोबँडनेही दिला. दोघांच्या मधे एक सैल बोल्ट होता एवढंच.

रेडलाइन_रेवा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, तेलकट. समजा तुम्ही नॅरोबँड काढून वाइडबँडचा नकली सिग्नल दिला असता. ईसीयूला आयडलला १५.८ दिसलं असतं, त्याने सात-आठ टक्के पेट्रोल वाढवलं असतं, आणि गेजवर सुरेख १४.७ आलं असतं. इंजिन प्रत्यक्षात १३.७ वर. गेज बघून कोणालाच शंका आली नसती. काजळी धरलेले प्लग आणि पेट्रोलचा वास आल्यावरच शोध सुरू झाला असता.

दोन वेगळे सेन्सर, दोन वेगळ्या वाटा, हे राहू द्या. ईसीयू नॅरोबँडवर चालू दे, वाइडबँडचं काम साक्षीदाराचं. बंगाला जागाच नसेल तर नकली सिग्नल ही सोय आहे, सुधारणा नाही. त्यातही आफ्टरमार्केट कंट्रोलर बंद पडला तर ईसीयू आंधळा.

टर्बोतात्या

+१. पण स्टँडअलोन (कंपनीच्या जागी बसवलेला वेगळा) ईसीयू असेल तर वाइडबँडच मुख्य, तो त्यासाठीच लिहिलेला असतो. आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कॅटच्या आधीचा सेन्सर कंपनीकडूनच वाइडबँड येतो. गेज विकत घेण्याआधी ओबीडीवर लॅम्डा वाचता येतो का बघा. पैसे वाचतील.

तेलकट_हात

नॅरोबँड जागेवर राहील. गेज बसवणाऱ्याला कळवलं, तो म्हणाला "तुमची मर्जी". फुल थ्रॉटलसाठी अलार्म किती आकड्यावर ठेवू?

नटबोल्ट

तुमचं १२.७ येतंय, तर लोडवर १३.५ च्या वर गेलं की वाजू दे. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर क्षणभर लीनचा झटका येतो, तो नॉर्मल आहे, म्हणून अर्ध्या सेकंदाचा विलंब ठेवा. आणि वेगात असताना गेज वाचायचा नाही. वाजला की पाय काढायचा, आकडे नंतर लॉगमध्ये बघायचे. त्यासाठी लॉगर घ्याच, ग्राउंडचं वर सांगितलंय.

कार्ब्युरेटरकाका

आणि प्लग?

तेलकट_हात

काका, चारही काढून बघितले. एकाच रंगाचे, फिकट तपकिरी.

कार्ब्युरेटरकाका

मग झोपा निवांत.

वंगण

एक राहिलं. नवीन बंगात सेन्सर बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावू का?

धुराडं

नवीन सेन्सरला बहुतेकदा लावूनच येतं, पुन्हा नको. जुना परत बसवत असाल तर फक्त आट्यांना, अगदी पातळ, टोकाच्या जाळीला स्पर्श होता कामा नये. आणि तेलकट, ते फ्लँजचे बोल्ट गाडी थोडी चालवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा आवळा, नवीन गॅस्केट दबतं.